मोटारीच्या आंसांतील दोन दंतचक्रें

नाशिकहून मुंबईस मोटारीनें जावयाचें म्हणजे कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो, आणि परत यावयाचें म्हणजे तोच घाट चढावा लागतो. चढतांना प्रवासी इंजिनाच्या आवाजाकडे कान देतो. उतरतांना त्याच्या मनांत ब्रेकचा विचार असतो. परंतु मालमोटार, जीप किंवा तशा जातीच्या गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आंसाच्या मधोमध एक पोकळ लोखंडी गोळा असतो, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक इंजिनाची सारी शक्ति याच गोळ्यांतून चाकांस मिळते. त्याच्या आंत दोन दंतचक्रें एकमेकांत दांत गुंतवून बसलेलीं असतात. एक मोठें, थाळीएवढें. दुसरें लहान, मुठींत मावेल एवढें. आज या दोन चाकांचा इतिहास आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

मोठ्या चाकाचे दांत मुकुटाच्या टोकांप्रमाणें एका बाजूस उभे असतात, म्हणून इंग्रजांनीं त्याला ‘क्राउन व्हील’ म्हटलें. अमेरिकन लोक त्यालाच ‘रिंग गिअर’ म्हणतात. लहान चाकाचें नांव ‘पिनियन’. आमच्या गॅरेजांतील कारागिरांनीं या सर्वांचा ‘क्राउन-पिनियन’ असा एकच जोडशब्द केला आहे, आणि तो मला फार योग्य वाटतो. कारण या दोन चाकांचा संसार एकत्रच चालतो व एकत्रच संपतो. या जोडीच्या इतिहासांत विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, तीं चाकें घडविण्याची कला माणसानें हळूहळू यंत्रांच्या स्वाधीन केली. परंतु तीं आंसांत नीट बसविण्याची कला माणसाच्या डोळ्यांपासून अद्याप पुरती सुटलेली नाहीं.

आपल्या ओळखीच्या वाहनापासून आरंभ करूं. बैलगाडीचा आंस फिरत नाहीं. तो गाडीला जखडलेला असतो, आणि दोन्ही चाकें त्याच्या टोकांवर आपापल्या परीनें मोकळीं फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावें लागतें, आंतल्याला कमी. दोघांचा एकमेकांशीं संबंध नसल्यामुळें तंटा उत्पन्न होत नाहीं. शिवाय ओढणारे बैल पुढें असतात. चाक केवळ मागून येतें. तुंब्यांत वंगण घातलें कीं काम भागलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक शहर आणि नाशिक रोड स्टेशन यांच्या दरम्यान ट्रॅम सुरू झाली, तीही प्रथम घोडेच ओढीत. तेथेंही चाकांना स्वतः जोर लावावा लागत नसे.

आगगाडीच्या इंजिनाला मात्र चाकें स्वतः फिरवावीं लागलीं. १८६५ सालीं कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग सुरू झाला. ३७ फुटांत १ फूट असा तेथील चढ आहे, आणि जवळजवळ हजार फूट उंची त्या एका टप्प्यांत चढावी लागते. तरीही वाफेच्या इंजिनास दंतचक्रांची गरज पडली नाहीं. त्याचे लांब दांडे चाकांच्या बाजूला जोडलेले असत व ते चाकांना सरळ ढकलीत. शक्तीला वाटेंत कोठें वळावें लागत नसे. रूळही मोठ्या घेराचीं वळणें घेत जातात, त्यामुळें एका आंसावर पक्कीं बसविलेलीं दोन चाकें निभावून नेतां येतात.

मोटारीनें अडचण उभी केली ती येथेंच. तिचें इंजिन बहुधा पुढें असतें व त्याचा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेनें फिरतो. चाकांचा आंस मात्र आडवा. म्हणजे शक्तीला काटकोनांत वळविलें पाहिजे. दुसरें असें कीं, इंजिन मिनिटाला हजारों फेरे करतें. तितक्या वेगानें चाकें फिरलीं तर घाट चढणें दूरच राहिलें, गाडी जागची हलणारही नाहीं. म्हणून वेग कमी करून जोर वाढविला पाहिजे. तिसरी गोष्ट वळणाची. जोर दोन्ही चाकांना मिळाला पाहिजे, आणि तरी बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक फिरण्याची मोकळीक असली पाहिजे. यांतील पहिलीं दोन कामें क्राउन-पिनियनची जोडी करते. तिसरें काम क्राउनच्या पोटांत बसविलेलीं चार लहान चाकें करतात. त्या यंत्रणेला डिफरन्शियल म्हणतात.

काटकोनांत शक्ति वळविण्याची युक्ति आपल्याकडे नवी नव्हती. वसईच्या बागाइतांत विहिरींवर चालणारे रहाट पुष्कळांनीं पाहिले असतील. बैल किंवा रेडा विहिरीभोंवतीं गोल फिरतो. त्याच्याबरोबर एक आडवें लांकडी चाक फिरतें. त्या चाकाच्या खुंट्या दुसऱ्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकतात, आणि उभें चाक फिरूं लागलें कीं पोहऱ्यांची माळ पाणी वर आणते. क्राउन-पिनियनचा हा पूर्वजच म्हणावयाचा. परंतु रहाटाच्या खुंट्यांमध्यें बोटभर मोकळी जागा असली तरी बिघडत नाहीं. जनावर सावकाश चालतें, लांकूड थोडें कुरकुरतें, पाणी येतें. तेंच काम मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनीं, अनेक घोड्यांच्या शक्तीनें आणि लोखंडाच्या बंद पेटींत करावयाचें ठरलें, तेव्हां बोटभर जागेच्या ठिकाणीं केंसाच्या जाडीचा हिशेब आला. रहाट आणि मोटार यांच्यामधला सगळा इतिहास या एका फरकांत सांठविलेला आहे.

डिफरन्शियलचें पेटंट १८२८ सालीं पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यानें घेतलें. त्या वेळीं पेट्रोलची मोटार जन्मास यावयाची होती. पेकर याचा विचार वाफेच्या गाडीसाठीं चालला होता. पुढें मोटारी निघाल्या तेव्हां आरंभीं त्यांतील पुष्कळ गाड्यांत इंजिनाची शक्ति सायकलीप्रमाणें सांखळीनेंच मागच्या चाकांस नेत. सांखळी धुळीनें झिजे, चिखलानें अडके आणि गोंगाट करी. १८९८ सालीं लुई रेनो या तरुण फ्रेंच कारागिरानें आपल्या लहानशा गाडींत सांखळी काढून टाकली. त्यानें सरळ दांडा मागच्या आंसापर्यंत नेला व तेथें काटकोनांत बसणारीं दंतचक्रें योजिलीं. ही पद्धत इतकी सुटसुटीत ठरली कीं, पुढील अनेक दशकें बहुतेक मोटारी याच रचनेवर चालल्या.

परंतु अशीं चाकें कापणें सोपें नव्हतें. दोन चाकें एकाच पातळींत फिरणारीं असलीं तर त्यांचे दांत सरळ व सर्वत्र सारख्या जाडीचे असतात. काटकोनांत भेटणाऱ्या चाकांचा दांत मात्र बाहेरच्या टोकाला जाड आणि आंतल्या टोकाला निमुळता असावा लागतो. असा दांत हातानें कानस लावून साधणें जवळजवळ अशक्य. अमेरिकेंतील रॉचेस्टर या गांवीं विल्यम ग्लीसन यानें १८६५ सालीं कारखाना काढला होता. त्यानें १८७४ सालीं हे दांत तासणारें यंत्र सिद्ध केलें. त्याची मुलगी केट ग्लीसन वडिलांच्या कारखान्यांतच वाढली, युरोपांत हिंडून तिनें तीं यंत्रें खपविलीं, आणि १९१४ सालीं अमेरिकेच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची ती पहिली स्त्री-सदस्य झाली. ज्या काळीं पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही मुलींनीं किती शिकावें यावर वाद चालत, त्या काळची ही हकीकत आहे.

पहिल्या मोटारींतील दांत सरळ असत. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत मोठ्या चाकाला ४० व लहानाला ११ सरळ दांत होते. सरळ दांत एकदम दांतावर आदळतो, म्हणून गाडी वेगानें चालली कीं आंस घोंघावूं लागे. १९१३ सालीं ग्लीसनच्या कारखान्यानें वळणदार दांत कापणारें यंत्र पुढें आणलें. तिरपा, धनुष्याकृति दांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू लागत जातो. एक दांत सुटण्यापूर्वीं दुसरा धरलेला असतो. त्यामुळें आवाज कमी झाला आणि बळही वाढलें. पुढील दशकांत आणखी एक सुधारणा झाली. पिनियन मोठ्या चाकाच्या मध्यरेषेवर न ठेवतां थोडें खालीं बसविण्यांत आलें. या जातीला ‘हायपॉइड’ म्हणतात. पिनियन खालीं गेल्यामुळें त्याला जोडलेला लांब दांडाही खालीं गेला, गाडीचा तळ उतरला आणि बसणाऱ्यांस जागा मिळाली.

मात्र प्रत्येक सोयीचें मोल असतेंच. हायपॉइड चाकांचे दांत एकमेकांवर केवळ लोळत नाहींत; ते लांबीच्या दिशेनें घसरतातही. या घर्षणानें साध्या तेलाचा पातळ थर फाटतो आणि लोखंड लोखंडाला चिकटूं पाहतें. म्हणून गंधकादि द्रव्यें मिसळलेलें निराळें तेल शोधावें लागलें. गॅरेजांत ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात, त्या दाट तेलाला उग्र वास येतो तो याच कारणानें. हें तेल बदलण्याची आठवण गाडीच्या मालकाला क्वचित् राहते. इंजिनाचें तेल तो पाहतो, आंसाचें पाहत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९२६ सालीं फोर्ड कंपनीनें व १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस मोटारी जोडण्याचे कारखाने काढले. जोडणें हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. सुटे भाग पेट्यांतून जहाजानें येत व येथें एकत्र केले जात. या कारखान्यांनीं आपल्या कामगारांना पुष्कळ शिकविलें हें खरें; पण दांत कापणारीं यंत्रें समुद्रापलीकडेच राहिलीं. मोटार हिंदुस्थानांतच तयार झाली पाहिजे, ही हांव वालचंद हिराचंद यांनीं धरली, आणि १९४४ सालीं त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली.

याच सुमारास जीपचें युग सुरू झालें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं घडविलेली ही गाडी चारही चाकांना शक्ति देई, म्हणजे तिच्या पोटांत पुढें एक व मागें एक अशा क्राउन-पिनियनच्या दोन जोड्या असत. कैलासचंद्र महिंद्र युद्धकाळांत अमेरिकेंत होते. तेथें जीपचे एक प्रमुख रचनाकार बार्नी रूस यांची व त्यांची गांठ पडली. १९४५ सालीं निघालेली ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी फाळणीनंतर १९४८ सालीं ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली; कारण भागीदार गुलाम महंमद हे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री म्हणून तिकडे गेले होते. १९४७ सालीं ७५ जीप गाड्या सुट्या भागांच्या रूपानें आल्या, आणि १९४९ पासून माझगांवच्या जागेंत जीपची जोडणी होऊं लागली.

युद्धांतल्या जीपच्या आंसाचें प्रमाण ४.८८ होतें, नंतरच्या मुलकी जीपचें ५.३८. या आंकड्यांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. मुलकी जीपच्या मोठ्या चाकाला ४३ दांत आणि पिनियनला ८. त्रेचाळिसाला आठांनीं भागलें तर पांच पूर्णांक तीन अष्टमांश येतात. म्हणजे लांब दांड्याचे सुमारें साडेपांच फेरे होतील तेव्हां चाकाचा एक फेरा होईल. सर्वांत खालचा गिअर व डोंगरी चढासाठीं ठेवलेला जादा गिअर टाकला, म्हणजे इंजिनाचे सुमारें ३७ फेरे होतात तेव्हां चाक एकदां फिरतें. लहानशा इंजिनानें खडे चढ चढण्याचें रहस्य या गुणाकारांत आहे.

पण ४३ आणि ८ हेच आंकडे कां? ४० आणि ८ कां नाहींत? गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांस घालावा असा हा प्रश्न आहे. ४० आणि ८ घेतले तर पिनियनचा एक विशिष्ट दांत जन्मभर मोठ्या चाकाच्या त्याच पांच दांतांना भेटत राहील. एखाद्या दांतांत दोष असला तर तो आपल्या पांच सोबत्यांनाच सारखा ओरबाडील. ४३ आणि ८ यांना सामाईक भाजक नाहीं. त्यामुळें पिनियनचे ४३ व मोठ्या चाकाचे ८ फेरे होईपर्यंत प्रत्येक दांत समोरच्या प्रत्येक दांताला एकदां भेटून येतो. झीज सर्वांत सारखी वांटली जाते. लसाविमसाविचीं उदाहरणें कशासाठीं करावयाचीं असें विचारणाऱ्या मुलांना हें उत्तर देतां आलें असतें.

दांत कापून झाल्यावर, उष्णतेनें ते कठीण करतांना, चाक किंचित् वांकडें होतें. म्हणून पुढें एक क्राउन आणि एक पिनियन घेऊन, बारीक घासणाऱ्या लेपांत ती जोडी फिरवितात. दोघांचे दांत एकमेकांस घासून अनुरूप होतात. नंतर दोन्ही चाकांवर एकच जोडक्रमांक ठोकतात. तेव्हांपासून त्या पिनियनला दुसऱ्या कोणत्याही क्राउनशीं जुळवून घेतां येत नाहीं. कांटकसर म्हणून तुटलेलें एकच चाक बदलणारा मालक, किंवा दोन जुन्या गाड्यांतून एक-एक चाक काढून नवी जोडी लावणारा, थोडे पैसे वांचवून सबंध आंस गमावण्याचा धोका पत्करतो.

आतां बसविण्याच्या कलेकडे येऊं. द्वारका चौकाच्या बाजूस एका गॅरेजांत मीं हें काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिलें आहे. कारागिराला चार गोष्टी साधावयाच्या असतात. पहिली, पिनियनची खोली. पिनियन मोठ्या चाकाच्या मध्याकडे किती आंत शिरावें हें त्याच्या बेअरिंगमागें पातळ पोलादी चकत्या घालून किंवा काढून ठरवितात. या चकत्यांना शिम म्हणतात. दुसरी, पिनियनच्या दोन निमुळत्या रोलर-बेअरिंगांवरचा दाब. ते सैल राहिले तर भार येतांच पिनियन मागेंपुढें हालेल. फार आवळले तर तापून जळतील. तिसरी, दोन चाकांच्या दांतांतली मोकळी जागा. पिनियन स्थिर धरून मोठें चाक हलविलें तर तें किंचित् हाललें पाहिजे, पण किती? पुष्कळशा गाड्यांत इंचाचे ५ ते १० हजारांश. सुताराचें एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात् १२५ हजारांश. येथें एक-दोन साध्या कागदांच्या जाडीएवढी जागा ठेवावयाची असते. ती नसली तर तेलाला शिरावयास वाव नाहीं. जास्त झाली तर दांत दांतावर आपटतो. चौथी गोष्ट, मोठ्या चाकाच्या दोन बाजूंच्या बेअरिंगांवरचा दाब. या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक सुधारली कीं दुसरी बिघडते, आणि पुन्हां सगळें खोलावें लागतें.

मोजण्यासाठीं डायल असते. तिचा कांटा हजारांश इंच दाखवितो. तो कांटा योग्य ठिकाणीं आला तेव्हां काम संपलें असें मला वाटलें. परंतु कारागिरानें वाटींत तेलांत कालविलेला शेंदूर घेतला व मोठ्या चाकाच्या चार-पांच दांतांना तो ब्रशानें लावला. मग एका हातानें मोठें चाक अडवून दुसऱ्या हातानें त्यानें पिनियन फिरविलें, पुढें व मागें. मीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, डायल अंतर सांगते. दांत दांतावर कुठें टेकतो तें शेंदूर सांगतो.” ज्या शेंदरानें आपण मारुतीची मूर्ति माखतों, तोच हा शेंदूर, शिशापासून होणारा तांबडा रंग. आतां गॅरेजांतून निळे-पिवळे तयार लेपही मिळतात, पण काम तेंच.

पिनियन जेथें घासलें तेथला शेंदूर पुसला जातो आणि दांतावर एक चकचकीत ठसा उमटतो. तो ठसा वाचणें हीच या कामांतली विद्या. ठसा दांताच्या मधल्या भागांत, लांबट अंडाकृति पडला तर जोडी जमली. तो दांताच्या शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन दूर राहिलें आहे, अधिक आंत घ्यावें. मुळाकडे गेला असेल तर पिनियन फार आंत शिरलें आहे, मागें काढावें. ठसा चाकाच्या आंतल्या टोकाकडे पडला तर मोठें चाक फार जवळ आलें आहे, बाहेरच्या टोकाकडे पडला तर तें लांब गेलें आहे. आणि हें वाचन दांताच्या दोन्ही बाजूंवर करावें लागतें. कारण गाडी घाट चढते तेव्हां इंजिन चाकांना ढकलतें व दांताची एक बाजू भार सोसते. घाट उतरतांना गिअरमध्यें ठेवलेली गाडी उलट इंजिनालाच ढकलते, तेव्हां तो भार दुसऱ्या बाजूवर येतो. कसाऱ्याच्या एका फेरींत दोन्ही बाजूंची परीक्षा होते.

या परीक्षेंत नापास झालेली जोडी प्रथम आवाजानें ओळखूं येते. विशिष्ट वेगाला आंसांतून घुमल्यासारखा स्वर येतो. पाय उचलला कीं तो बदलतो किंवा थांबतो. मालक गाण्याचा आवाज वाढवून तो झांकतो. पुढें दांताचा एक कोपरा एकट्यानें सगळा भार सोसून खचतो, त्याचा तुकडा तेलांत पडतो व इतर दांतांत सांपडतो. मग इंजिन उत्तम चालत असतें, पण गाडी पुढें जात नाहीं. आणि भरलेली मालमोटार चढावर अशी थांबली तर तिला रोखून धरण्यास इंजिनाचाही उपयोग राहत नाहीं. केवळ ब्रेकचा भरंवसा उरतो. दोन कागदांच्या जाडीचा प्रश्न असा माणसांच्या जिवापर्यंत येऊन पोंचतो. ज्यानें शेंदराचा ठसा एकदां अधिक तपासला, त्याचें नांव घाट सुखरूप चढून आलेल्या प्रवाशास ठाऊक नसतें.

१९५३ सालीं टॅरिफ कमिशननें अशी शिफारस केली कीं, ज्यांच्यापाशीं येथेंच भाग तयार करण्याची योजना असेल त्यांनींच या धंद्यांत राहावें. परदेशी जोडणी-कारखान्यांनीं मग आपला पसारा आवरला. १९५४ सालीं महिंद्रांनीं जीपचे भाग टप्प्याटप्प्यानें येथें घडविण्याचा कार्यक्रम हातीं घेतला. त्याच वर्षीं टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यांत मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी निघूं लागल्या. गाडीचा पत्रा ठोकणें लवकर साधतें. आंसांतील दंतचक्रांना योग्य जातीचें पोलाद, कापण्याचीं विशेष यंत्रें आणि भट्टीचें ज्ञान हीं तिन्ही लागतात. १९७१ सालीं स्थापन झालेल्या भारत गिअर्स कंपनीचा ठाण्याजवळ मुंब्र्यास कारखाना झाला. मुंब्रा ते कसारा ही वाट कांहीं फार लांबची नव्हे. रॉचेस्टरहून निघालेली विद्या त्याच घाटाच्या पायथ्याकडे येऊन पोंचली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

घाटाच्या माथ्यावरही बदल झाले. इगतपुरीस महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना आला, आणि नाशिकास सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचा. येथूनच २००० सालानंतर बोलेरो व २००२ पासून स्कॉर्पियो या गाड्या बाहेर पडल्या. दोहोंच्याही मागच्या आंसांत तीच जुनी जोडी बसलेली होती. नाशिक हें तीर्थक्षेत्र, द्राक्षांचें गांव, अशी ओळख आपण पाहुण्यांना सांगतों. मोटारी घडविणारें गांव अशीही तिची ओळख या काळांत झाली.

आतां पुढें काय? १९८३ सालीं निघालेल्या मारुति गाडीनें इंजिनच आडवें बसविलें व पुढचीं चाकें फिरविलीं. शक्तीला काटकोनांत वळण्याचें कारणच उरलें नाहीं. लहान मोटारींतून क्राउन-पिनियनची जोडी गेली. विजेवर चालणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींतही मोटर आंसापाशींच आडवी असते. मालमोटारी, बसगाड्या, जीपच्या जातीच्या गाड्या यांत मात्र ही जोडी अजून काम करीत आहे. मोठ्या कारखान्यांत बेअरिंगांचीं व घराचीं मापें यंत्रच घेतें आणि कोणत्या जाडीची शिम घालावी हेंही तेंच सांगतें. तरी गाडी जुनी होऊन गॅरेजांत आली कीं, पुन्हां शिमा, डायल आणि शेंदूर यांचीच गांठ पडते.

या विद्येचा इतिहास आपल्या भाषेंत फारसा लिहिला गेलेला नाहीं, याची मला शाळामास्तर म्हणून खंत वाटते. आम्हीं मुलांना किल्ल्यांचीं नांवें, तहांचे सन पाठ करविले, तें योग्यच केलें. परंतु ज्या माणसांनीं परदेशी पुस्तक वाचतां येत नसतांना केवळ ठसा पाहून पाहून हें शास्त्र आत्मसात् केलें, आणि जवळ बसणाऱ्या पोरास हातानें शिकविलें, त्यांच्या अनुभवाचें टिपण कोणीं ठेवलें? माझगांवच्या पहिल्या जोडणीवर काम केलेले हात आतां राहिले नसतील. त्यांच्यानंतरची पिढी अद्याप सातपुरांत, अंबडांत, हमरस्त्यावरच्या गॅरेजांत आहे. आपल्या घरांतलीं मुलें अभियांत्रिकीच्या परीक्षा देत आहेत. त्यांनीं सुटीच्या दिवशीं अशा एखाद्या जाणत्या कारागिराजवळ दोन तास बसावें, त्यानें वापरलेले शब्द त्याच्याच भाषेंत वहींत उतरून घ्यावे, आणि शेंदराचा ठसा कोठें पडला तर काय करावयाचें याची आकृति काढावी. अशीं टिपणें शाळेच्या ग्रंथालयांतही ठेवतां येतील. घाट उद्यांही चढावयाचाच आहे. तो चढविणारी विद्या कोणापाशीं आहे, हें आपल्या लोकांना ठाऊक असलें पाहिजे.